मोठ्या झाल्या का?

टार्टूत नोव्हेंबरात साडेचारला रात्र होते.
जीवशास्त्राच्या इमारतीत, तळमजल्यावर,
सल्मे येणाऱ्यांचे कोट घेते
आणि पितळी बिल्ला हातात देते.
बत्तीस वर्षं हेच.
मायवे कूसिकचा बिल्ला ठरलेला, कोपऱ्यातल्या खुंटीचा,
कारण तिचा कोट सगळ्यांच्या शेवटी जातो.

एकदा, बर्फ थांबायची वाट बघताना,
सल्मेनं विचारलं होतं,
वर काय करतेस गं तू एवढं?
मायवे म्हणाली, रक्तातल्या पेशी. पोरवयाच्या.
त्या मोठ्याच होत नाहीत.
कामाला लागत नाहीत, मरत नाहीत,
नुसत्या होत राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार,
हाडाच्या पोकळीत मग दुसऱ्या कुणाला
टेकायलाही जागा उरत नाही.
सल्मे म्हणाली, हं.
तेव्हापासून रोज बिल्ला परत घेताना विचारते,
झाल्या का मोठ्या?
आज नाही, सल्मे.

वर, तिसऱ्या मजल्यावर, जनुक शाबूत आहे.
हेच तर चिडवणारं.
तुटलं असतं तर म्हणता आलं असतं, तुटलं.
तिनं अक्षर न् अक्षर तपासलं,
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
फक्त काही अक्षरांच्या डोक्यावर
मिथाइलचे ठिपके बसलेत,
एक कार्बन, तीन हायड्रोजन,
आणि एवढ्याशा ओझ्याखाली
'मोठी हो' हे वाक्य
पेशीला वाचताच येत नाही.

ठिपक्यांचं तिला तसं नवल नाही.
तिच्या भाषेत खुर्चीच्या शब्दावर ठिपके दिले
की त्याचा अर्थ होतो, कामावर.
दुसरीत ती ते द्यायला विसरली
आणि बाईंनी लाल शाईत लिहिलं,
मायवे, तुझे वडील खुर्ची आहेत का?
घरात वर्षभर हसले सगळे.
वडील सगळ्यांत जास्त.

नमुना एकोणीस.
नऊ वर्षं द्रव नायट्रोजनच्या धुरात उभा.
मुलगा, वय सहा. नाव झाकलेलं,
पण झाकणाऱ्या हाताकडून संमतीपत्राचा एक कोपरा सुटलाय,
तिथं खडूनं काढलेला ट्रॅक्टर, निळा,
चाकं कागदाबाहेर गेलेली.
तो आहे का, हे विचारता येतं.
त्याला एक अर्ज असतो.
मायवेनं तो कधी भरला नाही.
दर मार्चला एक वर्ष मिळवते, एवढंच.
आता पंधरा.

औषधाचे थेंब सात दिवस.
सदतीस अंशांच्या पेटीत चौदा बश्या,
ठिपके पुसायला निघालेलं ते पाणी
किती पुसेल आणि काय काय पुसेल
हे तिलाही नक्की ठाऊक नाही.
आठव्या दिवशी तिनं काचपट्टी रंगवली,
भिंगाखाली धरली,
आणि नेहमीच्या त्या गोल, फुगीर, बावळट केंद्रकांत
एक वाकलेलं दिसलं.
मग एक, तीन पाकळ्यांत दुमडलेलं.
मग तिनं मोजायला घेतलं,
कारण रडण्यापेक्षा मोजणं तिला बरं जमतं.

अकरा बश्यांत.
तीन बश्यांत काहीच नाही.
तेही तिनं लिहिलं, त्याच शाईनं, त्याच आकाराच्या अक्षरांत.
एकोणीस नंबर त्या तिघांत होता.

झाल्या का मोठ्या?
हो, मायवे म्हणाली. काही.
सल्मेचा हात बिल्ल्यावर थांबला.
मग, आता काय करतील?
लागतील कामाला.
आणि पुढं?
मायवे कोटाची बाही शोधत होती.
मरतील. दोन-तीन दिवसांत. तशाच मरायच्या असतात त्या.

सल्मेचा मुलगा फिनलंडला बस चालवतो,
नाताळला फोन करतो.
ती काउंटरमागून बाहेर आली,
मायवेची आत दुमडलेली कॉलर तिनं बाहेर काढली.
बशीतल्याच गं, मायवे म्हणाली, अजून माणसात नाही.
बशीत तर बशीत.
मग उद्या तरी लवकर जाशील घरी?
नाही, मायवे म्हणाली.
तीन राहिल्यात.