पिंजरा क्रमांक चार

पहाटे साडेचारला दिलमुराद होडी काढतो.
ओहोटीच्या आत तिवरांच्या मधल्या फाट्यावर पोचायचं,
नाहीतर खोर कलबाचा चिखल
आपल्याला दुपारपर्यंत ठेवून घेतो.

माझ्याकडे दोन वह्या.
हिरवीत खंड्या:
गळ्याला पांढरा पट्टा, पाठ भरतीच्या पाण्यासारखी,
जुन्या तिवराच्या ढोलीशिवाय कुठे अंडी घालायला तयार नाही.
मागल्या उन्हाळ्यात ढोल्या सतरा, वसलेल्या नऊ,
पिल्लं उडाली चार ढोल्यांतली.
बाकीच्या पाचांचं उत्तर
काळ्या वहीत.

काळीला रकाने जास्त.
घरटं कशावर: गाफ, खजूर, दिव्याचा खांब, मशिदीमागचा टॉवर.
घरटं कशाचं: तार, हँगर, एकदा चष्म्याची काडी.
अंडी किती, काढली किती.
पिंजरा क्रमांक. आत आले किती.
'मारले' असा रकानाच नाही.
मोझाबाई म्हणतात, 'कमी केले' लिही.
लिहिते.

मोझाबाई या खोरीच्या काठी वाढल्या.
सांगतात, आमच्या आजीला कावळा माहीत नव्हता.
मग एक जहाज आलं, डोलकाठीवर चौघे बसून,
तुमच्याकडूनच, म्हणतात, आणि हसतात.
मी वेंगुर्ल्याची. मीही हसते.
चौघांतला एखादा असेलही ओळखीचा.

पिंजऱ्याची युक्ती साधी आहे.
आत एक जिवंत कावळा ठेवायचा. पाणी, दाणा, सावली द्यायची.
तो ओरडतो.
ऐकून बाकीचे येतात.
दिलमुराद पिंजऱ्याला हात लावत नाही,
पाठ करून थर्मासमधला चहा ओततो,
दोन पेले, माझाही.

नोव्हेंबरात विश्रामचा फोन आला. बाबा.
माझा पासपोर्ट कचेरीत, शिक्क्यासाठी अडकलेला.
दहाव्याला मी इथेच. त्यांचे साडेदहा, माझे नऊ,
तिवराच्या मुळांवर पाय, हातात फोन,
फोनमध्ये मोचेमाडची नदी आणि दर्भावर भात.

कावळा शिवेना.
काका हात जोडून एकेक बोलत गेले:
काजूची बाग विकणार नाही.
वहिनींना एकटं पाडणार नाही.
बोअरवेलचे पैसे देऊन टाकतो, अगदी याच महिन्यात.
गुरुजींनी घड्याळ बघितलं.
झाडावर दोघे बसले होते, मान वाकडी करून,
मला इथून दिसत होते,
मोजायची सवय.

मग कुणीतरी म्हणालं, लेकीचं काही राहिलं असेल.
त्यांनी फोन पिंडासमोर धरला.

मला काही सुचेना.
माझ्यामागे चार नंबरात एकवीस जण
एका दमात कोकलत होते,
आणि ते सगळं तिकडे गेलं,
समुद्रावरून, नदीकाठी, भातापाशी.

तेवढ्यात उतरला एक.
शीत उचललं.

विश्राम रडत म्हणाला, तुझ्यासाठीच थांबले होते बघ.
आई लांबून काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही.
मी हो म्हणाले.
आवाजाने आवाज येतो, हे आमच्या अहवालाच्या
दुसऱ्याच पानावर आहे, तक्त्यासकट.
ते मी त्यांना सांगितलेलं नाही.
स्वतःला सांगून पाहिलं,
तर डोळे आणखीच भरले, म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी नोंद केली.
आत आले: एकवीस.
कमी केले: वीस.
एक ठेवावाच लागतो, पुढच्या खेपेसाठी, नियम आहे.
कोणता ठेवायचा ते मात्र नियमात नाही.
मी बराच वेळ उभी होते.

त्याच्या वाटीत रोज सुकी मासळी असते.
त्या दिवशी माझ्या डब्यातला भात घातला.
'दाणा' या रकान्यात तसंच लिहिलं: भात.
मोझाबाईंनी वही तपासली,
भातावर पेन्सिल क्षणभर थांबली,
पुढे गेली.

परतताना भरती चढत होती.
दिलमुरादने इंजिन बंद केलं, बोट वर केलं.
फाट्याच्या आतून खंड्याची शीळ,
मग दुसरी, अलीकडून.
हिरवी वही पिशवीत तळाशी होती.
दोन, मी म्हणाले.
तो म्हणाला, तीन.
थांबलो.