भाग क्रमांक ११७

शाळा सुटली की मी मतदार यादी घेऊन निघते.
पिशवीत फॉर्म सात, फॉर्म आठ, लाल पेन,
आणि तोंडात घासून गुळगुळीत झालेलं वाक्य :
या पत्त्यावर अजून राहतात का हो?

भांडुपची ही टेकडी मला पायांनी पाठ आहे.
खाली काचेचा कारखाना होता तेव्हा
वर प्रत्येक घरात एकच ग्लास असायचा,
हिरवट, तळाशी बुडबुडा अडकलेला.
तपासणीत नापास झालेला माल, रुपयाला सहा.
आम्ही त्या बुडबुड्यावरून पाणी पीत मोठे झालो.
तो कधी वर आला नाही.

अनुक्रमांक बेचाळीस. घोगळे दत्ताराम विठू.
युनियनचे घोगळे.
"मयत लिही," म्हणाले, "भट्टी विझली त्या वर्षापासून."
मग स्वतःच हसले, खोकले,
आणि त्याच ग्लासात पाणी दिलं.
थोरला एका गटात, धाकटा दुसऱ्या.
एका गॅलरीला दोन झेंडे,
मध्ये सुनेने वाळत घातलेली चादर.
"तेव्हा सगळे एक होते गं," घोगळे म्हणतात.

मी पाणी पिते.
सभेला सतरंजी एक होती, खरं आहे.
नळ दोन होते, हेही.
मला आठवतं, कारण आम्ही खालच्या ओळीतले.
आता थोरल्याचं बॅनर जयंतीला
आमच्या ओळीत सगळ्यात आधी लागतं,
त्यावर त्याचा चेहरा सगळ्यात मोठा.
पाणी एक दिवसाआड येतं.
दोन्ही नळांना.

सत्तावन्न ते एकसष्ट. शेख.
कडीला कुलूप, कुलपाला गंज.
"गेले," शेजारी म्हणाले.
कुठे?
"मुंब्र्याला."
का?
"त्यांची माणसं तिथे आहेत ना."
तीन पिढ्या जी इथे राहिली
त्यांची माणसं तिथे कधी झाली,
हे विचारायला फॉर्मात रकाना नाही.
मीही विचारलं नाही.
स्थलांतरित, पाच वेळा लिहिलं.
अक्षर छान आलं. मुलांना शिकवते तसं.

कारखान्याच्या जागेवर आता टॉवर.
नाव काचेवरूनच ठेवलंय, इंग्रजीत.
गेटवर यल्लप्पा भट्टीवाल्याचा नातू, निळ्या गणवेशात.
मी त्याला बाराखडी शिकवली.
"बाई, आधी अॅपवर एंट्री पडू द्या," म्हणाला,
आणि खुर्ची पुढे केली, स्वतःची.
वीस मिनिटं बसले.

एकतिसाव्या मजल्यावरच्या बाई चांगल्या होत्या.
सीलबंद बाटली दिली, नाव नोंदवायचं नाही म्हणाल्या,
मतदान नेमकं जोडून सुट्टीत येतं.
मग खिडकीपाशी नेऊन विचारलं,
"ते समोर निळं निळं काय दिसतं हो?
आमचा व्ह्यू फार छान आहे, तेवढंच सोडलं तर."
"ताडपत्र्या," म्हटलं.
"आमचा भाग."
त्यांना वाटलं, मी यादीबद्दल बोलते आहे.

संध्याकाळी पारावर बसून हिशेब केला.
मयत एकोणीस. दुबार चार.
स्थलांतरित एकशे त्रेसष्ट :
बदलापूर, नालासोपारा, दिवा, मुंब्रा,
एक कॅनडा.
नवीन नावं सात.
त्यातली पाच धाकट्या घोगळेने आणून दिली,
पाचही एकाच खोलीतली,
ती खोली मी पाहिली आहे, तिथे जनरेटर आहे.

मग अनुक्रमांक तीनशे आठ.
कासारे मंदाकिनी गौतम. स्त्री. वय त्रेपन्न.
घर क्रमांक, खालची ओळ.
मी कळव्याला राहते, नऊ वर्षं झाली.
फोटोत अजून केस काळे आहेत.

पेनाचं टोपण काढलं. लावलं. काढलं.
यल्लप्पाचा नातू ड्युटी संपवून वर चढत होता,
"बाई, अजून इथेच?" म्हणाला.

उद्या अकराला पर्यवेक्षक यादी मागतील.
तीनशे आठच्या पुढे
मी अजून काही लिहिलेलं नाही.