उजवीकडची जागा

पेटायावेसीच्या पेट्रोलपंपावर, पहाटे चारला,
इल्पोनं कॉफीचा कप माझ्या वहीवर ठेवला
आणि म्हणाला, "संपलं."
मला वाटलं, साखर.

जगज्जेता होऊन त्याला अकरा तास झाले होते.
करंडक मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला,
आत कुणीतरी टाकलेली केळ्याची साल.

तेरा वर्षं मी याच्या उजवीकडे बसलो.
रस्ता मी फारसा पाहिलेला नाही.
मान खाली, मांडीवर वही, आणि माझं आपलं चालू :
डावं चार, शंभर मीटर, उंचवटा, उडी,
उजवं पाच लांब, आतून कापू नको, दगड.
रस्ता मला बुडाखालून कळायचा,
आणि त्याच्या श्वासातून.

नऊला टीमनं पत्रक काढलं, चार ओळींचं.
दहापर्यंत सगळ्यांना कारण ठाऊक होतं :
पाठ. बायको. पैशावरून बिनसलं.
दुपारपासून मला फोन :
आता सगळ्यांत वेगवान कोण, तू सांग,
तू बसलायस सगळ्यांशेजारी.

बसलोय. चाचण्यांच्या निमित्तानं.
योरिस वांडेकेर ऐकत नाही, तपासतो.
आधी स्वतः बघतो, मग माझा शब्द त्याच्याशी ताडून घेतो.
कोरड्या दिवशी इल्पोपेक्षा जलद, कागदावर आहे ते.
धुकं पडलं की त्याचा पाय परका होतो.
ब्राइस ओतेरो गातो. हेल्मेटच्या आत, बेसूर.
डांबरावर लोण्यातून सुरी,
खडीवर गाडीशी भांडतो,
भांडण तो जिंकतो, टायर हरतात.
आणि टार्मो लेप्प, बावीसचा,
मी 'उडी' म्हटलं की हसतो.
त्याची भीती अजून जन्माला यायचीय
आणि ती येईल तेव्हा
शेजारी कोण असेल, हा माझा प्रश्न आहे,
मी एक्कावन्नचा आहे.

तिघं वेगवान आहेत. खोटं कशाला बोलू.

पण तलावाकाठच्या त्या टप्प्यावर, धुक्यात,
बॉनेटसुद्धा दिसत नव्हतं तेव्हा
मी म्हणालो, उजवं सहा, पूर्ण,
म्हणजे पाय उचलू नकोस,
आणि त्यानं तिळभर उचलला नाही.
डावीकडे नुसतं पाणी.
आमच्यात कुणी त्यावर नंतर बोललं नाही.
जिवाचा कान करणं म्हणतात ते हे, आणि
त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण
जीव त्याचा असला तरी शब्द माझा होता.
एकदा मी दोन पानं एकदम उलटली.
ते त्याला माझ्याआधी कळलं.

म्हणून कालचं फक्त मला ठाऊक होतं.
शेवटचा टप्पा, सातवा किलोमीटर,
मी म्हणालो, पूर्ण,
आणि इंजिनाचा आवाज किंचित उतरला,
दूध वर येताना गॅस बारीक करावा, तेवढाच.
आलेखात खाच आहे, शून्य पूर्णांक चार सेकंदांची.
इंजिनियर म्हणाला, सेन्सर.
तरी आम्ही तीन सेकंदांनी जिंकलो.

"तिथं एक बर्च होतं," इल्पो म्हणाला.
"त्यावर कुणी तरी लहान मुलाची लाल टोपी अडकवली होती.
सापडलेली. ज्याची असेल त्यानं न्यावी म्हणून."
"मग?"
"मग काय. मला झाड दिसलं."

मी कप उचलला. वहीवर गोल डाग.
एवढी वर्षं हा माणूस जंगलातून गाडी हाणतोय.

रविवारी बायकोची गाडी घेऊन गेलो, ताशी चाळीसनं.
वळण वहीत आहे तसंच आहे.
टोपी नव्हती, बर्च पुष्कळ होती,
त्यातलं कुठलं ते काही कळेना.
मागून दूधवाल्या टँकरनं हॉर्न दिला.
मी 'पूर्ण'च्या पुढे पेन्सिलीनं लिहिलं : झाड.
मग खोडलं. मग परत लिहिलं.

टार्मोच्या माणसाचे तीन फोन येऊन गेलेत.
होकार देण्याआधी त्या पोराला एकच विचारायचंय,
आणि ते कसं विचारतात
ते मला येत नाही.