कुसळ

धारूरच्या घाटाखाली, मुरमाड रानात
सिमेंटचे सातशे खांब,
प्रत्येकाच्या डोक्यावर जुन्या टायरचं कडं,
कड्यातून चहूकडे लोंबणाऱ्या तिधारी फांद्या.
मोईनभाईंच्या पाटीवर वेगळं नाव आहे.
आम्ही बाया त्याला डरागन म्हणतो.

फूल रात्रीचं.
नऊला ओठ सुटतात, बाराला ताटाएवढं होतं,
आणि कोंबडं आरवायच्या आत
ओल्या फडक्यासारखं खाली पडतं मान टाकून.
मधल्या वेळात आम्ही.
कपाळावर बॅटरी, हातात रंगाचा ब्रश,
चहाच्या कपात पिवळी पूड.

पांढऱ्या गराचं साधं, आपलं आपण फळतं.
लाल गराचं हट्टी,
त्याला परक्या ओळीची पूड लागते.
"सोयरीक जमवाया बसलोय आपण,
अन् मानपान कुणाला? ह्या खांबाला,"
गयाबाई म्हणते, आणि ब्रश फिरवते
लेकराच्या गालाला पावडर लावावी तसा.
महिन्यात फळ हातात येतं.
पिवळ्या सालीचं मात्र, शेवटच्या चार खांबांवरचं,
अंगावर काटे घेऊन चार-पाच महिने बसतं.
मोईनभाई सांगतात, सगळ्यांत गोड तेच.
आम्हाला अजून चाखायला मिळालं नाही.

गयाबाईला विचारलं, हे आवडतं का?
"गार लागतंय. बाकी काय लागत न्हाई.
खाताना भ्याच वाटत न्हाई, मनकर्णे,
मग चव कुठून यावी?"

भादव्यातल्या एका रात्री तिनं ओट्यातून काढली
फड्याची बोंडं.
किल्ल्याच्या उतारावरची, जांभळी, अंगठ्याएवढी,
चिमट्यानं तोडलेली.
शिमग्यानंतर त्याला पिवळं फूल येतं,
ते दिवसाढवळ्या, उन्हात, कुणाला न लाजता.
ब्रश नको, बॅटरी नको.
माशा येतात, होऊन जातं.

गोणपाटावर घासली.
तीन दगडांत काटक्या पेटवून निखाऱ्यावर फिरवली,
बारीक कुसळं चटचट जळाली,
केस जळाल्याचा वास.
दोन टोकं उडवली, उभी चीर, साल बाजूला.
आत रक्तासारखं. बियाच बिया.
"चावू नको. गिळ."

मी चावलं.

आंबट, मग गोड, मग जिभेच्या टोकाला
काहीतरी, जे चव नव्हतं.
गयाबाई हसली, तिचे उरलेले चार दात लाल.
"आम्ही पोरं तर दुसऱ्या दिशी
लघवीला बसलो की रडायचो,
मरतोय म्हणून."

मग तिनं दाखवला खांब नंबर एकशे सतरा.
मागच्या अंगाला, ठिबकच्या नळीजवळ,
फड्याचं एक पान, चिंधीनं बांधलेलं,
वर दोन कोवळी कानं फुटलेली.
"लावलं कधी?"
"तू नव्हतीस आली तवा."

मोईनभाईंना ते कळलं तोडणीच्या दिवशी.
उकिडवे बसून बघत राहिले बराच वेळ.
हे काय म्हणाले.
"तुमच्या डरागनची मावशी," गयाबाई.
हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
कुसळं उडतात, माल खराब होतो,
व्यापारी परत करतो, काढून टाका.
खरंच होतं त्यांचं.

तिनं विळ्यानं पान कापलं,
आणि फेकलं नाही.
मोटारीच्या खोलीमागे, सावलीला, विटेवर ठेवलं,
कापलेली बाजू वर करून.
"आठ दिवस मातीला शिवू द्यायचं न्हाई.
जखम वाळली तर मूळ धरतंय.
ओलीच लावली की सडलं."

आज आठवा दिवस.
अकरा वाजलेत, तिसऱ्या ओळीची फुलं उघडलीत,
कपातली पूड संपत आली.
गयाबाई पलीकडच्या ओळीत, नुसता उजेड दिसतो तिचा,
एकशे सतराजवळ थांबल्यासारखा.
मी विचारत नाही.
जिभेचं टोक दातांवर घासून बघते,
आहे ते कुसळ अजून, नक्की आहे,
बोट लावलं की सापडत नाही.