वास

मार्चमध्ये तासगावला रात्रीलाही वास असतो.
शेडवर जाळीचे अकरा थर, त्यावर सुकत पडलेली द्राक्षं,
डिपिंग ऑइल, गंधक, दिवसभर तापलेली शेडनेट,
आणि कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये कुणीतरी विसरलेले
फुटके मणी, दोन दिवसांचे.
तो शेवटचा वास मी लांबनंच ओळखतो,
बाजारात पाठमोरा जुना भागीदार ओळखावा तसा.

क्रेट उचलतो, ओढ्यापलीकडं नेऊन पालथा घालतो.
माशा माझ्यामागून येतात, वऱ्हाड निघाल्यासारख्या.
"एवढ्या लांब कशाला, सुबराव?" मालक विचारतात.
माशा होतात, म्हणतो.
खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

मालक तेच आहेत. शेडही तीच.
त्या एप्रिलात रात्री अडीचला आभाळ फुटलं
तेव्हा पडदे सोडायचं काम माझं होतं,
आणि मी तिसऱ्या नि चौथ्या रॅकच्या मध्ये
तोंड उघडं टाकून पडलो होतो.
सकाळी चार टन माल काळा.
मालकांनी एक मणी उचलला, चावला, थुंकला,
आणि गोणपाट आणून माझ्या अंगावर टाकलं,
मी थरथरत होतो म्हणून.
शिवी दिली असती
तर त्या शिवीवर मी आणखी दोन वर्षं प्यालो असतो.

बुधवारी सांगलीला जातो.
शाळेतला चौथीचा वर्ग, संध्याकाळी सात.
बाक एवढे बुटके की गुडघे हनुवटीला लागतात.
फळ्यावर तेराचा पाढा, अर्धा पुसलेला,
तेरा सत्ते एक्क्याण्णव, पुढं नुसता खडूचा धूर.
आपल्याकडं "बसायचं का?" म्हटलं
की कशाला, ते विचारावं लागत नाही.
आम्ही नऊ जण इथं बसतो.
कागदी कपातला चहा दोन्ही हातांनी धरून.
हात काही विसरत नाहीत.

दस्तगीरभाई घड्याळं दुरुस्त करतात.
पहिल्या हिवाळ्यात रात्री एकला मी त्यांना फोन लावायचो.
समजूत घालायचे नाहीत.
"माझ्यात एक वाजून दहा झालेत," म्हणायचे,
"वीस झाले की परत लाव."
वीस. तीस. चाळीस.
तो अख्खा हिवाळा मी चिल्लरमध्ये फेडला.

बजरंगची नऊ वर्षं झाली होती.
पोराच्या साखरपुड्यात कुणीतरी म्हणालं, आज तरी.
एवढंच. आज तरी.
रक्षा सावडायला कृष्णेवर गेलो,
घाटाच्या पायऱ्या चढताना मागून हळूच कुणीतरी विचारलं,
"मग, बसायचं का जरा?"
मी वळून बघितलं नाही.
आवाज माझा असता तरी बघितलं नसतं.

मालन दार उघडते
तेव्हा बोलायच्या आधी नाकानं एक बारीक श्वास घेते.
सहा वर्षं झाली. तिचं तिला ठाऊक नाही.
मी पायताण काढायच्या निमित्तानं
तेवढा वेळ उंबऱ्याबाहेर थांबतो,
नाक्यावर ट्रक थांबतो तसा, कागद हातात घेऊन.

परवा तिला सर्दी होती.
दार उघडलं, नाकाला पदर,
आणि तो श्वास आलाच नाही.
मला सुचेना. एक पाय चपलेत, एक बाहेर.
मग मीच थोडा वाकलो
आणि तिच्या तोंडासमोर हाऽऽ केलं,
पोरगं दात घासले म्हणून दाखवतं तसं.

"मला मेलीला काय कळतंय," ती म्हणाली,
"नाक चोंदलंय सगळं.
या आत. भाकरी गार झाली."