आज गिऱ्हाईक

आज मागच्या गेटाने नाही,
पुढच्या गेटाने आलो. तिकिटं फाडून.
मनगटाला गुलाबी कागदी पट्टी.
हजेरीचं मशीन या बाजूला नसतंच,
तरी माझा अंगठा
जरा वेळ हवेत तसाच राहिला.

जुईलीला अकरा पूर्ण.
वहीच्या मागच्या पानावर तिची यादी:
चाच्यांचं जहाज, इग्लू, महाराजा थाळी,
आणि तळ्यावरचं काचेचं हॉटेल.
त्याच्यापुढे तिने तीन तारे काढले,
मग खोडले,
मग पुन्हा काढले.
"आई, तू इथलीच ना.
तूच सांग कुठलं चांगलं."

काय सांगू?
इग्लूतलं सूप टेबलापर्यंत पोचेस्तोवर निवतं.
महाराज भाईंदरचा आहे, मिशा डिंकाच्या,
घाम आला की डावी बाजू सुटते,
मग तो मागे येऊन मोजड्या काढतो
आणि माझ्याकडे पावडर मागतो.
चारी हॉटेलांची दारं वेगळी,
दिवे वेगळे, गाणी वेगळी,
पण मागची बोळ एकच,
आणि सगळी ताटं शेवटी
एकाच हौदाशी येतात.
हौदाशी मी.

ताटांवरून मला माणसं कळतात.
कोणी पिझ्झ्याच्या कडा टाकतो,
कोणी लिंबाची साल चघळून परत ठेवतो.
वाढदिवसाचं टेबल तर लांबून ओळखू येतं:
क्रीमवरून ओढलेलं बोट,
वाकलेली मेणबत्ती,
आणि एक ताट जवळजवळ भरलेलं.
ते बिल देणाऱ्याचं.

नंदू मेन्यू उजवीकडून वाचतो.
आधी आकडे, मग पदार्थ, तेही वेळ उरला तर.
"जहाज नको," एवढंच म्हणाला.
सात वर्षं खाडीच्या फेरीबोटीवर दोर टाकतोय,
सुट्टीच्या दिवशी परत डोलकाठी कशाला.
माझं स्टाफचं कुपन, वीस टक्के,
सोमवार ते गुरुवार,
काचेच्या हॉटेलात चालत नाही.
आज शनिवार.

जुईली काही बोलली नाही.
वही मिटली, पेन केसांत खोचलं
आणि तळ्याकडे पाठ करून उभी राहिली.
हट्ट न करणारं पोर
फार महागात पडतं.

दाराशी बेनेडिक्ट होता. काळा कोट.
काल याच वेळी हौदापाशी
माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खात होता.
"या मॅडम," म्हणाला,
चेहऱ्यावरची माशी हलली नाही.
खुर्ची ओढली. मी बसता बसता
ती त्याने पुढे सरकवली, आणि मी घाबरून
टेबल धरलं.

काचेतून तळं, तळ्यात दिवे,
दिव्यांत पाळण्याचं उलटं चाक.
इतकी वर्षं इथल्या बशा धुतेय,
बशीच्या तळाशी निळा मासा आहे
हे मला पाठ.
पण त्याच्यावर जेवण असतं तेव्हा
तो दिसत नाही, हे आज कळलं.

जुईलीने पास्ता मागवला,
नावाचा उच्चार बेनेडिक्टला बोट दाखवून केला.
एकदा खाल्ल्यावर म्हणाली, "आंबटय,"
आणि सगळा संपवला.
नंदू म्हणाला, मला भूक नाही.
मी काही न बोलता त्याचं ताट
माझ्यापुढे ओढलं, अर्धं त्याच्या तोंडात भरवलं,
अर्धं मी. लोक बघत होते. बघू देत.
या घरचं भरलेलं ताट
त्या हौदाशी जाणार नाही.

फक्त केकचा एक तुकडा ठेवला,
न उष्टावता, कडेचा, गुलाबाचा,
वर चमचा पालथा.
आज हौदाशी सुरेखा आहे.
उरलेलं पिंपात टाकायचं असा नियम आहे.
ती आधी दाराकडे बघेल.

"चल," नंदू म्हणाला, "हिरोजी शेवटची बोट
पाचच मिनिटं थांबवणारय."
उठताना मी नकळत
ताटात ताट, वाटीत वाटी रचली.
बेनेडिक्टने हलकेच माझा हात बाजूला केला.