फक्त तीन शिल्लक

कॉलेज रोडला, ज्यूसवाल्याच्या वरच्या मजल्यावर
मी वाक्यं लिहिते. घ्यायला लावणारी.
मनुके, गंगापूर धरणाकडचे प्लॉट, दातांचा दवाखाना.
गेल्या महिन्यात गुडघ्याच्या एका तेलासाठी
इतक्या कळवळ्यानं लिहिलं
की माझ्याच आईनं दोन बाटल्या मागवल्या.
मी तिला काही बोलले नाही.

आज तांबट लेन.
विश्राम पोटफोडे, वय एकाहत्तर,
खरवईवर लोटा, लोट्यावर हातोडी.
नातवाला मजकूर हवाय,
लोटे आता फोनवरून पुण्याला जाणार, बंगळूरला जाणार.
मी वाचून दाखवलं:
पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा, आता तुमच्या घरी.
ते म्हणाले, "काय?"
मी पुन्हा वाचलं.
ते म्हणाले, "काय?"
नातू म्हणाला, ठोकून ठोकून कान गेलेत,
डावा पूर्ण, उजवा जरासा उरलाय.
मग मी भर गल्लीत ओरडले,
वारसा! आता! तुमच्या घरी!
समोरचा कल्हईवाला वळून बघायला लागला.
कानात कुजबुजायला रचलेलं वाक्य
ओरडल्यावर किती उघडं पडतं.

तांब्यातलं पाणी रोगांना पळवून लावतं.
"हे कोणी सांगितलं?"
सगळेच लिहितात, मी म्हणाले.
"मला संधिवात आहे. लिहा हवं तर."

शेवटी माझी हुकमी ओळ: फक्त तीन शिल्लक.
त्यांनी हातोडी खाली ठेवली,
गुडघ्यावर हात देऊन उठले, मोजून आले.
"सतरा आहेत. माळ्यावर अजून चार,
त्यातल्या एकाचा काठ बसला नाही,
तो मी कुणाला देणार नाही. वीस लिहा."
माणसाला घाई वाटली पाहिजे हो आजोबा.
"कसली?"
आणि लोटा उन्हात धरून
मठाराची एकेक टिकली बोटानं चाचपत राहिले,
जसं मी नंतर काही विचारलंच नव्हतं.

रात्री मी ती ओळ मठारत बसले.
वीस आहेत.
वीस आहेत, सावकाश घ्या.
हाही धंदाच, मला कळतं;
साधेपणाला सध्या भाव बरा आहे.
तरी तीच पाठवली.
सकाळी सरांनी बदललेली. लाल अक्षरांत:
फक्त तीन शिल्लक.

दिवाळीआधी नातवाचा फोन आला.
वीसही गेले ताई, चांगल्या भावात,
पण ओळ अजून तीनच म्हणतेय, ऑर्डरी येतायत,
आणि कुणीतरी आजोबांना ती वाचून दाखवली.
सकाळपासून माळ्यावर चढलेत, ऐकत नाहीत,
विचारतायत, ते तीन तुम्ही कुठं ठेवलेत?

मी म्हणाले, काय?
जरा मोठ्यानं बोल.